लाभ, दोन, तीन

१

सकाळी नऊला कुलूप उघडायचं, केरसुणी फिरवायची, दोन्ही कॉम्प्युटरांवरची फडकी झटकायची आणि दिव्यानीबाई येईपर्यंत त्यांच्याच खुर्चीवर बसून गोल गोल फिरायचं, हे माझं काम. शेवटचं कोणी सांगितलं नव्हतं. पण सातवी नापास माणसाला फिरती खुर्ची दुसरीकडे कुठे मिळते?

आमचं ऑफिस भामरागडच्या बाजाराच्या मागे. टिनाच्या छपराच्या दोन खोल्या. नदीपलीकडच्या गावांतली माणसं मोजायची, कोण जन्मलं, कोण मेलं ते लिहायचं आणि अहवाल वर, नागपूरच्या ऑफिसला पाठवायचा. साल होतं दोन हजार पाच. घरोघरी जाऊन लिहून आणणारा प्रफुल. जीप चालवणारा देवानंद. आणि त्या लिहिलेल्याचं गणित करणाऱ्या दिव्यानीबाई, चंद्रपूरच्या, वय सत्तावीस, चष्मा जाड आणि हसू पातळ. मी उमाजी. शिपाई, वाटाड्या आणि बाकी तिघांच्या मते रोजची कटकट.

त्यांचंही खोटं नव्हतं. बाईंच्या माऊसच्या पोटात एक गोळी असते, ती काढून मी तिथे वाळलेलं बोर बसवलं होतं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला असं बाई बोलल्या, तर देवानंदला मी सांगितलं की तो हवेतून पसरतो. बिचारा दिवसभर तोंडाला दुपट्टा बांधून जीप चालवत होता. प्रफुलला तर पटवून दिलं होतं की आमच्या टोल्यात, म्हणजे नदीपलीकडच्या आमच्या वस्तीत, पाहुण्यानं पहिल्यांदा पाठमोरं आत यायचं असतं. तीन घरांत तो तसा गेला. चौथ्या घरी चुलीवर बसता बसता वाचला.

म्हणून पुढे जे झालं त्याचा संशय सगळ्यांना माझ्यावरच आला. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही आला असता.

२

बाईंचा प्रोग्राम होता, त्याचं नाव नुसतं एक इंग्रजी अक्षर. आर. मी म्हटलं, बारशाला कोणी आत्या नव्हती वाटते. बाई हसल्या नाहीत.

तर हा आर नुसता असून भागत नाही, त्याला पॅकेजं लागतात. मला वाटलं बिस्किटाचे पुडे. तसं नव्हे. एक पॅकेज वाचायचं काम करते, एक मोजायचं, एक तक्ते मांडायचं. आणि दर पॅकेजाचा एक नंबर असतो, त्याला म्हणतात व्हर्शन. करणारे लोक दर काही महिन्यांनी त्यात सुधारणा करतात आणि नंबर वाढवतात. भामरागडला इंटरनेट कुठलं? फोनच महिन्यातले वीस दिवस मेलेला. त्यामुळे नवी व्हर्शनं सीडीवर भरून नागपूरहून एष्टीनं यायची.

बाई या जगात एकाच गोष्टीला भ्यायच्या, ती म्हणजे ही नवी सीडी. जुना कॉम्प्युटर त्यांनी गोठवून ठेवला होता. त्यावर चिठ्ठी, "काहीही नवीन टाकू नये". आणि एक जाड पुठ्ठ्याची वही, तिच्यात प्रत्येक पॅकेजाचं नाव, नंबर, तारीख. काही बिघडलंच तर वहीत पाहून पुन्हा तेच जुने नंबर टाकायचे, म्हणजे सगळं होतं तसं मागे जाते, असा त्यांचा भरवसा होता.

मी विचारलं, इतकं कशाला? तर म्हणाल्या, "उमाजीभाऊ, मागच्या वर्षी एका पायलीनं धान मोजलं आणि यंदा दुसऱ्या पायलीनं, तर पीक वाढलं की पायली लहान झाली, कसं सांगाल?"

हे मला समजलं. पायली मला समजते.

३

आता आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. का, ते मला विचारू नका. आजा म्हणत होता म्हणून बाप म्हणाला, बाप म्हणाला म्हणून मी.

प्रफुल आमच्या टोल्यात मोजणीला आला तेव्हा वाटाड्या मीच होतो. घाटाला लागून पहिलं घर डोमा ढिवराचं. अंगणात चौघं उभे. मी आपला बोट फिरवत मोजायला लागलो, धानाच्या राशीसारखं. डोमाकडे बोट, लाभ. त्याच्या बायकोकडे, दोन. तीन. चार. प्रफुल शहरातला, खाली मान घालून नावं ऐकत होता. त्यानं पहिल्या ओळीत नाव लिहिलं, लाभ. घरप्रमुख, पुरुष, वय अठ्ठावन्न, धंदा मासेमारी.

डोमाला वाचून दाखवलं तेव्हा तो पोट धरून हसला. प्रफुलनं ओळीवर काट मारली, बाजूला रद्द लिहिलं आणि खाली नवी ओळ केली, डोमा. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये दोन्ही ओळी भरल्या, पहिलीपुढे रद्दची खूण करून. कागदावर आहे ते सगळं यंत्रात पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता.

दुसरं घर सोमारीचं. विधवा बाई, घरात मुलगा आणि सून. तिसरं माझं. प्रफुलनं विचारलं, घरप्रमुख कोण? घरात मी, माझी बायको कमळा, मुलगा, सून डिंपल आणि तिच्या कडेवर पायल, माझी नात, आठ महिन्यांची. मी म्हटलं, आमच्या घरी हुकूम हिचाच चालते, लिही. आणि त्या शहाण्यानं लिहिलं. घरप्रमुख, पायल. मी तिला हवेत उडवून म्हटलं, झाली बाप्पा मालकीण. तिचे दोन दात दिसले.

४

जुलैत नवी सीडी आली आणि सोबत कागद, की यापुढे सगळ्यांनी हेच व्हर्शन वापरावं. बाईंनी नाइलाजानं ती नव्या कॉम्प्युटरवर टाकली आणि मोजणी चालवली. जुन्यावर माणसं भरत होती एक हजार सहाशे बारा. नव्यावर भरली सोळाशे तेरा.

एक माणूस जास्त. बाईंनी दोन तासांत तो शोधून काढला. घर नंबर एक, लाभ. नव्या व्हर्शनाला रद्दची खूण वाचता येत नव्हती, इतकंच. बाईंचा जीव भांड्यात पडला. नवं व्हर्शन त्यांनी काढून टाकलं, वहीत पाहून जुने नंबर घातले, पुन्हा चालवलं. सोळाशे बारा. मग यादी छापायला लावली.

आमचा प्रिंटर जुना, एकेक ओळ किरकिरत छापायचा. ते किरकिरणं माझ्या कानाला सवयीचं. त्या दिवशी "घर १" एवढं छापून तो थांबला. बिघडला नाही, थांबला. बोलायच्या आधी माणूस घसा साफ करायला थांबते, तितकाच. मग पुढे चालू लागला.

कागद मी फाडला. नावं इंग्रजीत, पण अक्षर अक्षर लावून वाचता येते मला. एल, ए, बी, एच. पुरुष, अठ्ठावन्न, मासेमारी, घरप्रमुख. खाली डोमाची बायको, मुलगा, सून. चार माणसं. डोमा नाही.

बाईंनी जुना कॉम्प्युटर सुरू केला, तो गोठवलेला. त्यातही तेच. कपाटातून प्रफुलचा कागद काढला. त्यावर काट मारलेली ओळ होती, आणि खाली निळ्या शाईत, डोमा. कागद बरोबर, दोन्ही यंत्रं चूक. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं. फक्त विचारलं की हे तुम्ही केलं का, आणि मी शपथ घेतल्यावर माझ्या चेहऱ्यावर कुठे हसू आहे ते शोधत राहिल्या.

दुपारी चहाला निघालो तर एष्टीच्या थांब्यावर डोमा. कमरेपर्यंत ओला, हातात काही नाही. मला पाहून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "उमाजी, तू वळखते ना मले?"

आता मी म्हणजे मी. असा चेंडू आल्यावर सोडतो कशाला. मी म्हटलं, "नाई बाप्पा, कोन तू?"

त्यानं मान हलवली, जसं काही त्याला हेच उत्तर अपेक्षित होतं. आणि आलापल्लीच्या रस्त्यानं चालू लागला. मी मागून दोन हाका मारल्या. थांबला नाही.

संध्याकाळी घरी हे कमळाला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. डोमा सकाळपासून घरून हलला नव्हता, ती स्वतः त्यांच्याकडून मीठ घेऊन आली होती, तो जाळं शिवत बसला होता. मी कुंपणावरून डोकावलो. अंगणात पाठमोरा बसला होता खरा. गुडघ्यांवर जाळं, हात सुईसोबत वरखाली, अगदी डोमाचाच झटका. मी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. नुसता हात वर केला.

मग आपण मनाला सांगतो ना, तसं मी सांगितलं. एष्टीवर दुसरं कोणी असेल. ऊन डोक्यावर होतं. आणि तू उमाज्या, आयुष्यभर दुसऱ्यांना उल्लू बनवलंस, एक दिवस तुलाही कोणी बनवणारच.

५

तीन दिवसांनी बाईंनी मोजणी पुन्हा चालवली. चूक कुठे आहे ते पाहायचं तर चालवून पाहावंच लागते. एकूण सोळाशे बारा. प्रिंटर घर एकवर थांबला नाही. घर दोनवर थांबला.

लाभ, स्त्री, पासष्ट, शेतमजुरी, घरप्रमुख. सोमारी नाही.

बाईंनी खिडकी लावून घेतली, उगीचच. वारा नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला विचारलंही नाही.

मी डोंग्यानं नदी पार करून घाटावर उतरलो तेव्हा चार वाजले असतील. सोमारी वरच्या दगडावर बसली होती, शेजारी लुगड्याचं गाठोडं. मी यावेळी थट्टा केली नाही. बाजूला बसलो आणि म्हटलं, इथी काऊन बसली बाई?

ती म्हणाली, "सुनेनं विचारलं, कोनाची मायबाई तुमी? मंग पेज देल्ली प्यायले. चांगली आहे माई सून."

तिच्या घरातून मुसळाचा आवाज येत होता. धप्. मग थोडं थांबून धप्. सोमारीचा डावा हात अधू, त्यामुळे तिच्या कांडण्यात मध्ये एक खंड पडते. सगळ्या टोल्याला तो ओळखू येते. मी त्या आवाजाकडे कान दिला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मंग ते कोन कांडून राह्यलं?" मी विचारलं.

ती बराच वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "मीच असन."

घाट चढताना मी पावलं मोजत होतो की घरं, ते मला कळेना. पहिलं घर डोमाचं. दुसरं सोमारीचं. तिसऱ्या घराच्या अंगणात डिंपल पायलला तेल लावत होती, आणि पायल मला पाहून पाय झाडायला लागली.

दर मोजणीला एक घर, आणि त्या घरातला पहिल्याच ओळीचा माणूस तो लाभ घेत होता. आणि माझ्या घराच्या पहिल्या ओळीत कोण आहे, ते मीच सांगितलं होतं.

मोठा माणूस ठीक आहे. त्याला बाहेर काढलं तर तो चालत जाते, कोणाच्या ओसरीवर पडते, कोणी पेज देते. पण आठ महिन्यांचं पोर उंबऱ्याबाहेर. तिची माय दारात येईन, पाहीन आणि म्हणीन, कोनाचं लेकरू हे? आत पाळणा हलतच असन.

त्या रात्री मी झोपलो नाही, एवढंच सांगतो.

६

दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसात पोचलो तर बाई शेवटची मोजणी लावायच्या तयारीत. अहवाल घेऊन देवानंद चार वाजता निघणार होता, कारण आलापल्लीच्या रस्त्यावरच्या पर्लकोटा नदीचं पाणी पुलाला लागलं होतं आणि संध्याकाळनंतर रस्ता किती दिवस बंद राहील ते कोणी सांगू शकत नव्हतं.

मी आधी मूर्खासारखं वायर उपटली. बॅटरीचा डबा पीं पीं करायला लागला आणि कॉम्प्युटर तसाच चालू राहिला. बाईंनी वायर माझ्या हातातून घेतली, परत लावली. मग मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. डोमा, सोमारी, जाळं, मुसळ. मी त्यांना म्हटलं की चालवूच नका. त्या म्हणाल्या की सगळा डेटा गेल्याच आठवड्यात नागपूरला गेला आहे, इथे नाही चालवला तर तिथे कोणीतरी चालवीलच, आणि तो माणूस पायलला ओळखतही नसेल.

म्हणजे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता की नव्हता? आजही मला ठरवता येत नाही. पण पायलचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं.

"मंग माया घरची पह्यली ओळ बदला," मी म्हटलं.

"मी आकडे हातानं बदलत नाही, उमाजीभाऊ."

"आकडा नाई बाई. नाव. आठ महिन्याचं लेकरू घरप्रमुख असते का? मी गंमत केली होती."

त्यांनी कागद काढला, पाहिला, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. कारण ही चूक खरीच चूक होती, नियमात बसणारी. दोन वर्षांत मी त्यांना दिलेली एवढीच सरळ माहिती. त्यांनी ओळी बदलल्या. पायल शेवटी, मी पहिला. दुरुस्त केलेली फाइल एका सीडीवर घातली, नागपूरसाठी. मग ती जाड वही उघडून तारीख टाकली, पॅकेजाचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, घर क्रमांक तीन, घरप्रमुख चुकीचा, माहिती देणाऱ्यानं थट्टा केली होती. आणि वही माझ्यापुढे सरकवली, सही करा.

मी केली. माझी सही चांगली आहे, शेपटी काढतो मी तिला.

"चालवू?" त्यांनी विचारलं. बोट बटणावर होतं, आणि डोळे मिटलेले.

मी म्हटलं, चालवा.

प्रिंटर घर एक करून गेला. दोन करून गेला. तीनवर थांबला. यावेळी जास्त थांबला, निदान मला तरी तसं वाटलं. छपराच्या टिनावर काहीतरी टिचकलं. मग किरकिर सुरू.

लाभ, पुरुष, त्रेसष्ट, शिपाई, घरप्रमुख. त्याखाली कमळा. मुलगा. डिंपल. आणि सगळ्यात शेवटी पी, ए, वाय, ए, एल. स्त्री. आठ महिने. मी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली.

बाईंना म्हटलं, येतो मी. त्यांनी मान वर केली नाही. कागद नीट घडी करत होत्या. दाराशी देवानंद पायरीवर आडवे पाय टाकून बसला होता. सहा वर्षांत हा माणूस मला शिवी दिल्याशिवाय कधी हलला नाही. त्यानं पटकन पाय आवरले आणि म्हणाला, "या, या. सांभाळून उतरा, घसरते."

७

डोंग्यात माझ्याशी कोणी बोललं नाही. मीही कोणाला छेडलं नाही. घाट चढलो. डोमाच्या अंगणात जाळं. सोमारीच्या घरातून धप्, मग खंड, मग धप्. दगडावर कोणी नव्हतं.

माझ्या घराचं दार उघडं होतं आणि आतून हसण्याचा आवाज येत होता. सगळे हसत होते. कोणीतरी प्रफुलची ती चुलीची गोष्ट सांगत होतं, पाठमोरा कसा आला, कसा बसता बसता वाचला. मी ती जिथे थांबतो तिथेच तो थांबत होता. कमळा जिथे "पुरे वो" म्हणते तिथे ती म्हणाली. मी कान देऊन ऐकलं, चूक काढायला. एकही नव्हती. खरं सांगायचं तर शेवट त्यानं माझ्यापेक्षा बरा केला.

अंगणातून खोलीचा अर्धा भाग दिसत होता. पाठ दिसत होती, खांद्यावर फाटलेली माझी बनियन. मांडीवर पायल उभी, त्याच्या कानाला धरून. तिचे दोन दात दिसत होते. मग तिनं त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं आणि मला पाहिलं. हसू गेलं. खालचा ओठ पुढे आला. परक्या माणसाला पाहून पोर रडायच्या आधी करते तसा.

एक तोंड आहे मला करता येणारं, गाल फुगवून, डोळे फिरवून. ते केलं की ती कितीही रडत असली तरी हसते. मी गाल फुगवले. आणि तसेच सोडून दिले. ती हसली असती तर ती कोणाला पाहून हसली म्हणून सगळ्यांनी मागे वळून पाहिलं असतं. त्यानंही.

कमळा तांब्या घेऊन बाहेर आली. मला पाहून तिनं पदर सावरला. छत्तीस वर्षांत माझ्यासमोर कधी सावरला नव्हता.

"कोन पाह्यजे भाऊ?" तिनं विचारलं.

तिच्या मागे, आत, पायल पुन्हा खिदळायला लागली होती.

मी म्हटलं, "कोनी नाई बाई. घर चुकलो."